एका योजनात परमाणू किती? – एका जुन्या संख्येचा हिशोब



स्मरणिकेत आपण लेण्यांवर वाचतो, धम्मग्रंथांवर वाचतो, चळवळीवर वाचतो. या लेखात मी एका आकड्याचा इतिहास सांगणार आहे. आकडा असा: १०,८४,७०,४९,५६,१६,०००. वाचायचा झाला तर, एक कोटी आठ लक्ष सत्तेचाळीस हजार एकोणपन्नास कोटी, छप्पन्न लक्ष सोळा हजार. पंधरा अंकी संख्या आहे. एवढी मोठी संख्या पाहून कुणी पान उलटू नये. चौथी-पाचवीचा गुणाकार येणाऱ्या मुलाला हा लेख शेवटपर्यंत समजेल, याची मी खात्री देतो. मी स्वतः गिरणीत साच्यावर काम केलेला माणूस. ताग्याचे मीटर आणि पीसरेटचा पगार यांचा मेळ घालता घालता जे गणित आलं, तेवढ्याच भांडवलावर हे लिहितो आहे.

ग्रंथ कोणता?

हा आकडा ज्या हिशोबातून निघतो तो 'ललितविस्तर' या बौद्ध ग्रंथात आहे. हा ग्रंथ पाली त्रिपिटकातला नव्हे. तो संस्कृतात, आणि लोकभाषा मिसळलेल्या संस्कृतात लिहिलेला आहे. भगवान बुद्धांच्या महापरिनिर्वाणानंतर कित्येक शतकांनी तो आजच्या रूपात आला. त्यात काव्य आहे, चमत्कार आहेत, अतिशयोक्ती तर पानोपानी आहे. म्हणून पुढचा प्रसंग कपिलवस्तूत जसाच्या तसा घडला असे मी म्हणणार नाही. पण ग्रंथ लिहिणाऱ्यांना त्या काळी किती आणि कसं मोजता येत होतं, याचा तो पक्का पुरावा आहे. इतिहास म्हणून आपल्याला तेवढा पुरे.

ग्रंथाचा प्रवासही लांबचा आहे. इ. स. ३०८ मध्ये धर्मरक्ष या भिक्खूने बुद्धचरित्राचा हा ग्रंथ चिनी भाषेत नेला. जावा बेटावरच्या बोरोबुदूर स्तूपावर आठव्या-नवव्या शतकात या कथेचे १२० शिल्पपट कोरले गेले. आपल्या देशात मूळ ग्रंथ विस्मरणात गेला, पण नेपाळातल्या हस्तलिखितांत तो टिकला. राजेंद्रलाल मित्र यांनी १८७७ मध्ये कलकत्त्यात तो छापून पुरा केला. पुढे १९५८ साली दरभंग्याहून त्याची देवनागरीतली आवृत्ती निघाली, ती आपल्या महाराष्ट्राचे विद्वान प. ल. वैद्य यांनी संपादित केलेली. यातला मोजणीचा प्रसंग इंग्रजी वाचकांना एडविन अर्नोल्डच्या 'लाइट ऑफ एशिया' या १८७९ च्या काव्यामुळे माहीत झाला. हा अर्नोल्ड त्याआधी पुण्याच्या सरकारी संस्कृत कॉलेजचा प्राचार्य होता.

वर जाणारी शिडी

प्रसंग असा आहे. राजकुमार सिद्धार्थाला गोपा नावाच्या शाक्य मुलीशी लग्न करायचं आहे. तिचे वडील दंडपाणी म्हणतात, मुलाला काही विद्या येते का ते आधी दाखवा. मग परीक्षा होतात. लिहिण्याची होते, मोजण्याची होते. मोजणीच्या परीक्षेला अर्जुन नावाचा गणिती परीक्षक आहे. (हा महाभारतातला अर्जुन नव्हे.) तो विचारतो, कुमार, कोटीच्या पुढची मोजणी तुला येते का?

कुमार सांगू लागतो. शंभर कोटी म्हणजे एक अयुत. शंभर अयुत म्हणजे एक नियुत. शंभर नियुत म्हणजे एक कंकर. मग विवर, मग अक्षोभ्य. अशा एकेक पायरीला शंभराने गुणत तो २३ पायऱ्या चढतो आणि 'तल्लक्षण' या संख्येवर येतो. आता हिशोब करू. कोटी म्हणजे १ वर ७ शून्ये. प्रत्येक पायरीला दोन शून्ये वाढली. २३ पायऱ्यांची ४६ शून्ये. ४६ आणि ७ मिळून ५३. म्हणजे तल्लक्षण म्हणजे १ वर ५३ शून्ये. ग्रंथ इथेही थांबत नाही, याच्याही पुढच्या मोजण्या सांगतो.

इथे दोन गोष्टी ध्यानात घेऊ. पहिली, संख्येचं नाव आणि संख्या यांची गाठ कायमची बांधलेली नसते. यजुर्वेदाच्या यादीत अयुत म्हणजे दहा हजार. ललितविस्तरात अयुत म्हणजे शंभर कोटी. यजुर्वेदात परार्ध म्हणजे १ वर १२ शून्ये. भास्कराचार्यांच्या ११५० सालच्या 'लीलावती'त परार्ध म्हणजे १ वर १७ शून्ये. तेव्हा नावाचा दरारा बाळगायचं कारण नाही, पायऱ्या मोजाव्यात. दुसरी, मोठ्या संख्येचं वेड फक्त आपल्याच देशाला होतं असंही नाही. ग्रीक लोकांतल्या आर्किमिडीजने इ. स. पूर्व तिसऱ्या शतकात सगळं विश्व वाळूने भरलं तर किती कण लागतील याचा हिशोब मांडला होता. त्याचं उत्तर १ वर ६३ शून्ये या घरात जातं. त्याने सुरुवात केली ती खसखशीच्या एका दाण्यात वाळूचे किती कण मावतील इथून. आपला ग्रंथ मोहरीच्या दाण्यापाशी येतो. दोघांना एकमेकांची खबर असण्याची गरज नाही. ज्याला मोजायचं आहे तो हातातल्या दाण्यापासूनच मोजू लागतो.

खाली जाणारी शिडी

यानंतर अर्जुन उलटा प्रश्न घालतो. सगळ्यात बारीक रजःकण म्हणजे परमाणू. त्याची मोजणी कशी करायची? कुमार पुन्हा शिडी लावतो. या वेळी प्रत्येक पायरी शंभराची नसून सातांची आहे. मुलांनी कागद-पेन्सिल घ्यावी.

७ परमाणू म्हणजे १ अणू. (७)
७ अणू म्हणजे १ त्रुटी. (४९)
७ त्रुटी म्हणजे खिडकीच्या उन्हात तरंगणारा १ धूलिकण. (३४३)
असे ७ कण म्हणजे सशाच्या अंगावरचा १ कण. (२,४०१)
असे ७ म्हणजे मेंढ्याच्या अंगावरचा १ कण. (१६,८०७)
असे ७ म्हणजे गाईच्या अंगावरचा १ कण. (१,१७,६४९)
असे ७ म्हणजे १ लीख. (८,२३,५४३)
७ लिखा म्हणजे १ मोहरी. (५७,६४,८०१)
७ मोहऱ्या म्हणजे १ जव. (४,०३,५३,६०७)
७ जव म्हणजे बोटाचं १ पेर. (२८,२४,७५,२४९)

कंसातला आकडा म्हणजे त्या वस्तूत किती परमाणू झाले ते. बघा, यात एकही वस्तू अशी नाही की जी गरिबाच्या घरात दिसत नाही. लीख, मोहरी, जव, झरोक्यातली धूळ. राजवाड्यातल्या परीक्षेचं उत्तर आहे, पण मापं घराघरातली.

पेरापासून पुढे साती संपतात. १२ पेरं म्हणजे १ वीत. २ विती म्हणजे १ हात. ४ हात म्हणजे १ धनुष्य. १००० धनुष्यं म्हणजे १ कोस. ४ कोस म्हणजे १ योजन. १२ गुणिले २ गुणिले ४ गुणिले १००० गुणिले ४ केले की ३,८४,००० येतात. म्हणजे एका योजनाच्या रेषेत ३,८४,००० पेरं मावतात. त्याला एका पेराच्या २८,२४,७५,२४९ परमाणूंनी गुणा. उत्तर येतं १०,८४,७०,४९,५६,१६,०००. हाच आपला आकडा.

आकड्याची चिकित्सा

आता हा आकडा उलगडून बघू. कापडाचा धागा सोडवला की ताणा किती आणि बाणा किती ते कळतं, तसंच आहे. संख्येतले मूळ धागे म्हणजे २, ३, ५, ७ अशा संख्या, ज्यांचे आणखी तुकडे पडत नाहीत. आपल्या संख्येत २ दहा वेळा आहे, ३ एकदा, ५ तीन वेळा आणि ७ दहा वेळा. बस्स. दुसरा कुठलाही धागा नाही. म्हणून ११ ने, १३ ने किंवा १७ ने या आकड्याला भाग घाला, बाकी उरणारच.

शेवटी शून्ये तीनच का? एक २ आणि एक ५ मिळून एक शून्य तयार होतं. २ दहा असले तरी ५ तीनच आहेत. म्हणून शून्ये तीन, चौथं शून्य येऊच शकत नाही.

आता संख्येतले सगळे अंक मिळवा. १, ८, ४, ७, ४, ९, ५, ६, १, ६. बेरीज ५१. एक्कावन्नला ३ ने भाग जातो, ९ ने जात नाही. म्हणून मूळ आकड्यालाही ३ ने भाग जातो, ९ ने जात नाही. कारण धाग्यांत ३ एकदाच आलेला आहे. दोन वेगळ्या वाटांनी गेलो आणि एकाच ठिकाणी पोचलो. हिशोब बरोबर आहे हे ओळखायची ही खूण.

आणखी एक गंमत. २ दहा आणि ७ दहा, म्हणजे जोड्या बरोबर लागतात. ३ आणि ५ यांचा मात्र एकेक धागा सुटा राहतो. त्यांना जोडीदार द्यायचा तर आकड्याला ३ गुणिले ५, म्हणजे १५ ने गुणा. येतात १,६२,७०,५७,४३,४२,४०,०००. ही संख्या म्हणजे ४,०३,३६,८०० चा बरोबर वर्ग. कॅल्क्युलेटर नको, कागदावर करून बघा.

आणि या आकड्याला निःशेष भाग घालणाऱ्या संख्या किती? २ घ्यायचा तर शून्यापासून दहा वेळा, म्हणजे ११ तऱ्हा. ३ च्या २ तऱ्हा, ५ च्या ४, ७ च्या ११. अकरा दुणे बावीस, बावीस चोक अठ्ठ्याऐंशी, अठ्ठ्याऐंशी गुणिले अकरा, ९६८. पंधरा अंकी आकड्याला भाग घालणाऱ्या ९६८ संख्या आहेत, हे एकही भागाकार न करता कळलं.

ग्रंथाची बेरीज आणि आपला गुणाकार

इथे मुद्द्याची गोष्ट येते. ललितविस्तराच्या छापील संस्कृत पाठात या परमाणूंची एकूण संख्याही शब्दांत दिलेली आहे. तिची सुरुवातच अक्षोभ्यापासून होते. अक्षोभ्य म्हणजे १ वर १७ शून्ये, म्हणजे अठरा अंक. आणि त्याच ग्रंथाच्या पायऱ्यांनी आपण गुणाकार केला तर येतात पंधरा अंक. दोन्हींचा मेळ बसत नाही.

मग खरं काय धरायचं? माझं उत्तर सरळ आहे. पायऱ्या ग्रंथाने दिल्या, त्या प्रत्येकाला तपासता येतात. सात सत्ते एकोणपन्नास हे कुणी राजा सांगो की रस्त्यावरचा हमाल, बदलत नाही. म्हणून गुणाकाराचं उत्तर धरायचं. ग्रंथ पूज्य आहे म्हणून त्यातली बेरीज बरोबर, असं होत नाही. आणि बेरीज जुळली नाही म्हणून ग्रंथ टाकाऊ, असंही होत नाही. ज्या ग्रंथाने तपासायची शिडी हातात दिली त्याचे आभार मानून आपण शिडी वापरायची.

'आमच्या पूर्वजांना अणू माहीत होता'

हल्ली भाषणांतून एक दावा कानावर येतो. हात म्हणजे दीड फूट धरला तर योजन होतं २४,००० फूट, म्हणजे सव्वासात किलोमीटरच्या थोडं वर. त्याला आपल्या आकड्याने भागलं तर एका मिलिमीटरचे सुमारे दीड कोटी भाग केल्यावर जो एक भाग येईल, तेवढा परमाणू ठरतो. आणि आजचं विज्ञान सांगतं की हायड्रोजनचा अणू मिलिमीटरच्या साधारण एक कोटीव्या भागाएवढा असतो. झालं! लगेच घोषणा होते, बघा, आमच्या ग्रंथात सगळं आधीच होतं.

मित्रांनो, या टाळीच्या मागे जाऊ नका. चौथ्या-पाचव्या शतकातले थोर बौद्ध आचार्य वसुबंधू यांच्या 'अभिधर्मकोशा'तही अशीच सातांची शिडी आहे. पण तिथे पायऱ्या दहा नसून अकरा आहेत. मोहरी नाही, तिच्या जागी ऊ आहे. त्रुटीच्या जागी लोखंडावरचा आणि पाण्यातला असे दोन कण आहेत. तिथे कोस ५०० धनुष्यांचा आणि योजन ८ कोसांचं, म्हणजे योजनाची ४००० धनुष्यं तीच. त्या हिशोबाने योजनात परमाणू होतात ७५,९२,९३,४६,९३,१२,०००. आपल्या आकड्याच्या बरोबर सातपट. म्हणजे परमाणू सातपट लहान झाला, मिलिमीटरचा दहा कोटीवा भाग. एवढा लहान अणू कुठल्याच पदार्थाचा नाही. दोन्ही ग्रंथ आपलेच. मग अणू कुणाला माहीत होता?

खरी गोष्ट अशी की परमाणू कुणी मोजला नव्हता. वस्तूचे तुकडे करत गेलं तर कुठे तरी थांबावं लागेल, हा विचार होता. फार मोठा विचार होता. पण माप ते माप. अणू-रेणू खरे आहेत आणि ते मोजता येतात याचा सिद्धांत १९०५ साली आइन्स्टाइनने मांडला, आणि फ्रान्सच्या जाँ पेराँने त्यानंतर काही वर्षांत प्रयोग करून तो पटवला. पेराँला १९२६ साली त्यासाठी नोबेल मिळालं. ज्याचं श्रेय त्याला द्यावं. खोट्या मोठेपणाने आपले आचार्य मोठे होत नाहीत, उलट त्यांचं खरं काम झाकलं जातं.

त्रिरश्मी लेण्यातला हिशोब

ग्रंथातल्या आकड्यांवरून आता आपल्या महाराष्ट्रातल्या दगडावरच्या आकड्यांकडे येऊ. नाशिकच्या त्रिरश्मी लेण्यांत, ज्यांना पांडवलेणी म्हणतात, दहा नंबरचं लेणं आहे. तिथे क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याने सुमारे १९०० वर्षांपूर्वी कोरवलेला ब्राह्मी शिलालेख आहे. आकडे लहान आहेत, पण ऐका.

उषवदाताने हे लेणं भिक्खुसंघाला दिलं आणि सोबत ३००० कार्षापण कायमचे ठेवले. ते ठेवले गोवर्धन गावच्या विणकरांच्या श्रेणींकडे. हो, विणकरांकडे! २००० एका श्रेणीकडे, दरमहा शेकडा १ व्याजाने. १००० दुसऱ्या श्रेणीकडे, दरमहा शेकडा पाऊण व्याजाने. मुद्दल परत मागायचं नाही, फक्त व्याज वापरायचं. २००० च्या व्याजातून या लेण्यात वर्षावास करणाऱ्या २० भिक्खूंना चीवरासाठी प्रत्येकी १२ कार्षापण द्यायचे.

तपासू या. २००० वर शेकडा १ म्हणजे महिन्याला २०. वर्षाला २४०. भिक्खू २०. दोनशे चाळीस भागिले वीस, बारा. जुळलं! याच लेखात पुढे ७०,००० कार्षापणांचं दान आहे, ३५ कार्षापणांचा एक सुवर्ण या भावाने २००० सुवर्ण. पस्तीस गुणिले दोन हजार, सत्तर हजार. तेही जुळलं. आणि लेख शेवटी सांगतो की हे सगळं नगराच्या सभेत वाचून दाखवलं आणि रीतीप्रमाणे फलकावर नोंदवलं. म्हणजे हिशोब चार लोकांसमोर मांडलेला होता. ज्याला शंका येईल त्याने विचारावं.

हिशोब कुणाच्या हातात?

हे एवढं का सांगितलं? आपल्या आज्या-पणज्यांनी मोजणीपायी फार सोसलं आहे. त्यांना अक्षर दिलं नाही, आकडा दिला नाही. सावकाराच्या वहीत काय लिहिलंय ते सावकारच वाचणार आणि यांनी अंगठा उठवायचा. कामगारांच्या कर्जाबद्दल १९३१ च्या रॉयल कमिशनच्या अहवालात वर्षाला शेकडा ७५ व्याज सर्रास असल्याचं नमूद आहे. रुपयाला महिन्याला एक आणा. आणा ऐकायला केवढासा! पण बारा महिन्यांचे बारा आणे, म्हणजे रुपयावर पाऊण रुपया. त्रिरश्मी लेण्यातला विणकर शेकडा १२ ने व्याज देत होता आणि गिरणीतला विणकर शेकडा ७५ ने. मधल्या अठराशे वर्षांत काय घडलं, ते या दोन आकड्यांच्या शेजारी शेजारी बसून विचार करण्यासारखं आहे.

आज अंगठा गेला, सही आली. पण हप्ता किती, त्यात व्याज किती आणि मुद्दल किती फिटलं, हे किती घरांत कागदावर मांडून बघितलं जातं? बचत गटाच्या वहीची बेरीज गटातल्या किती बाया स्वतः करतात? विहाराच्या जमाखर्चाचा कागद भिंतीवर लागतो तेव्हा किती जण उभे राहून वाचतात? वाचलं पाहिजे. कुणावर अविश्वास म्हणून नव्हे, ती आपली जुनी रीत आहे म्हणून. नगरसभेत वाचून दाखवण्याची रीत.

मुलांसाठी एक काम सांगून थांबतो. सातीचा पाढा घ्या आणि परमाणूपासून बोटाच्या पेरापर्यंतच्या दहा पायऱ्या एका कागदावर स्वतः लिहा. २८,२४,७५,२४९ आलं नाही तर कुठली पायरी हुकली ते शोधा. मग त्याला ३,८४,००० ने गुणा. रविवारी वंदनेनंतर तो कागद घेऊन या. मी लेखात चुकलो असेन तर त्याच कागदावर मला दाखवून द्या.

नमो बुद्धाय. जय भीम.